पत्रात भाडेकरू कुठे आहे?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत. पती-पत्नी दोघं नोकरी करतात, राहत्या घराचं कर्ज फिटलंय. साठवलेल्या पैशांतून एक जुनं घर घ्यायचं, ते नीट करून भाड्याने द्यायचं आणि असं करत निवृत्तीपर्यंत तीन-चार घरं उभी करायची, असा त्यांचा बेत आहे. एक घर पसंतही पडलंय. त्याची किंमत १०० धरली, तर त्यांच्याकडे ३० आहेत. त्यातले २० घालून उरलेले ८० कर्जाने घ्यायचे (८ टक्के व्याज, २० वर्षं मुदत) आणि १० सुधारणेवर खर्च करायचे. नवीन रूप दिल्यावर महिन्याला ०.७ भाडं येईल, असं एजंट सांगतो. म्हणजे 'भाड्यातून हप्ता फिटतो आणि वर थोडं उरतं'. एका भिंतीला ओल आहे, पण 'रंग मारला की झालं' असंही तोच म्हणतो. सध्या घरात एक भाडेकरू कुटुंब आहे. विकणारा ते खाली करून देणार आहे. टोकन दहा दिवसांत हवंय. पती मात्र 'आपल्याला हे नको' एवढंच म्हणतात. ते लहानपणी भाड्याच्या घरांत वाढले, सात घरं बदलली. पत्रलेखिका विचारतात : 'त्यांच्या भित्रेपणापायी ही संधी सोडून देऊ का?'

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमची तयारी पाहून बरं वाटलं. व्याजदर, खोल्यांची मापं, ओट्याचा दगड, छतातल्या दिव्यांची जागा, सगळं तुम्ही नीट मांडलंय. दुसऱ्या वाचनात एक गोष्ट खटकली. त्या घरात पुढे जो राहणार आहे, तो माणूस पत्रात कुठेच नाही. आणि आज जे कुटुंब तिथे राहतंय ते एका वाक्यात येतं, आणि त्याच वाक्यात घराबाहेर जातं.

हे मी दोष म्हणून सांगत नाही. पहिलं घर घेताना आपण सगळेच ते घर मनात सजवत असतो. पण पुढची वीस वर्षं तुमचा हप्ता भरणार आहे तो हाच माणूस. तो समोर ठेवून तुमचा हिशेब पुन्हा मांडला, तर बरीच उत्तरं वेगळी येतात. आपण तेच करून बघू.

आधी आकडे. पैशांऐवजी आपण 'भाडी' मोजू, म्हणजे चित्र लख्ख दिसेल. वर्षाची भाडी बारा. ८० च्या कर्जावर ८ टक्क्यांनी, वीस वर्षांच्या मुदतीत, वर्षभराचा हप्ता साधारण ८.०३ येतो. तुमचं भाडं महिन्याला ०.७. म्हणजे वर्षाच्या बारा भाड्यांपैकी साडेअकरा भाडी एकट्या हप्त्यात जातात. 'वर थोडं उरतं' ते हे अर्धं भाडं.

आता या अर्ध्या भाड्यातून काय काय भागवायचंय? एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला, यात महिनाभर घर रिकामं राहतं. हे दरवर्षी होईल असं नाही, पण एखाद्या वर्षी दोन-तीन महिनेही राहतं, म्हणून सरासरी एक भाडं तिथे सोडा. मालमत्ता कर, विमा, इमारतीचा सामायिक खर्च मिळून दीड भाडं धरा. दुरुस्तीला एक. एजंटची दलाली, करारनामा, मध्येच करावी लागणारी रंगसफेदी यांना मिळून अर्धं. झाली चार भाडी. ठिकाणानुसार हे आकडे कमी-जास्त होतील, तुमचे खरे आकडे तुम्ही घाला, पण यातली एकही ओळ शून्य नसते. हातात अर्धं आणि खर्च चार, म्हणजे वर्षाला साडेतीन भाडी तुमच्या पगारातून जाणार. आणि यात उत्पन्नावरचा कर मी धरलेलाच नाही.

ही सगळी तूट वाया जाते असं नाही. हप्त्यातला काही भाग मुद्दल फेडतो आणि ती एक प्रकारची बचतच आहे. मात्र सुरुवातीला तो भाग फार छोटा असतो. तुमच्या पहिल्या हप्त्यातला जवळपास ८० टक्के वाटा निव्वळ व्याजाचा असेल. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलात, तरी ८० चं कर्ज ७० वर येईल. आणि कर्जाचा दर बदलता असेल व तो एका टक्क्याने वाढला, तर मुदत तीच ठेवल्यास नुसता हप्ताच बारा भाड्यांच्या पुढे जातो. मग घर वर्षभर भरलेलं असूनही तुम्ही त्याला पोसत असता.

तर मग किती कर्ज झेपेल? उलट बाजूने मोजा. बारातून खर्चाची चार भाडी बाजूला काढली की आठ उरतात. आठ भाड्यांत बसेल असा हप्ता हवा, तर याच दराने आणि मुदतीने कर्ज ५५-५६ च्या पुढे जाता कामा नये. बँक ८० द्यायला तयार आहे, हे मला माहीत आहे. पण बँक तुमचा पगार आणि गहाण पडणारं घर बघून देते. ते घर स्वतःचा खर्च स्वतः भागवेल की नाही, हे तुम्हालाच बघायचंय.

तुम्ही लिहिलंय, 'घराची किंमत काही खाली येत नाही.' हा समज फार खोल रुजलेला आहे, म्हणून जरा थांबते. जपानमध्ये १९९१ च्या सुमारास जमिनीच्या किमतींचा फुगा फुटला आणि शहरांतल्या जमिनी पुढे दहा वर्षांहून जास्त काळ उतरत राहिल्या. अमेरिकेत २००६ नंतरच्या काही वर्षांत घरांच्या किमती देशभराच्या सरासरीने साधारण एक चतुर्थांश खाली आल्या. तुमच्या घराचं असंच होईल असं मी म्हणत नाही. पण २० स्वतःचे आणि ८० कर्जाचे घालणाऱ्याच्या बाबतीत किंमत फक्त १० टक्के उतरली, तरी त्याच्या स्वतःच्या पैशातला अर्धा भाग कागदावर नाहीसा होतो. त्यात भर म्हणून नोकरी गेली किंवा घर रिकामं राहिलं, तर नेमक्या वाईट वेळी ते विकावं लागतं. पडत्या किमतींतून तरून जाणारे लोक बहुतेक ते असतात, ज्यांना त्या काळात विकायची गरज पडली नाही. म्हणून सहा महिन्यांचे हप्ते आणि तुमचा सहा महिन्यांचा घरखर्च एवढी रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय टोकन देऊ नका. तुमच्या ३० मध्ये ही रक्कम कुठेच दिसत नाही. खरेदीखत, नोंदणी, वकील यांचा खर्चही दिसत नाही. आणि काम चालू असताना घर रिकामं असेल, पण हप्ता सुरू झालेला असेल. तीन महिन्यांचं काम म्हणजे जवळपास तीन भाडी आणखी.

आणि हो, राहतं घर यासाठी तारण ठेवू नका. कितीही स्वस्त दराने कर्ज मिळत असलं तरी. या बाबतीत मी मध्यममार्ग सुचवणार नाही.

आता सुधारणेकडे येते, कारण तुमच्या पत्राचा जीव त्यात आहे. १० म्हणजे तुमच्या हिशेबाने सुमारे चौदा भाडी. एवढा खर्च केल्यावर भाडं १५ टक्क्यांनी वाढेल, असं एजंट म्हणतो. तो म्हणतो ते पूर्ण खरं धरलं, तरी जुन्या भाड्याचे १५ टक्के म्हणजे नव्या ०.७ चे साधारण १३ टक्के, आणि चौदा भाडी दर महिन्याच्या ०.१३ भाड्याने वसूल व्हायला जवळपास नऊ वर्षं लागतात. त्या नऊ वर्षांत ट्रॉल्यांचे रूळ झिजतील, छतातले दिवे जातील, महागड्या नळांचे सुटे भाग मिळेनासे होतील. हा भागाकार प्रत्येक कामासाठी वेगळा करा : खर्च किती भाड्यांचा, आणि त्याने भाडं किती वाढतं किंवा घर किती दिवस कमी रिकामं राहतं. हा दुसरा भाग लोक विसरतात. एक महिना घर रिकामं राहिलं तर वर्षाचं ८.३ टक्के उत्पन्न गेलं. एका भाड्याच्या खर्चात पाण्याचा दाब सुधारला आणि त्यामुळे भाडेकरू एक वर्ष जास्त राहिला, तर ते काम ओट्याच्या दगडापेक्षा कितीतरी फायद्याचं.

भाड्याच्या घरात पैसा आधी कुठे घालायचा, याचा माझ्या मनातला क्रम पाण्यापासून सुरू होतो. पाणी, मग वीज, मग दारं-खिडक्या-कड्या, मग फरशी, आणि सगळ्यात शेवटी रंग. हा क्रम मी फार महागात शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे भाड्याने द्यायचं एक छोटं घर आलं. आतल्या खोलीच्या भिंतीला ओल होती. रंगाऱ्याने खास प्रायमर लावला, भिंत सुरेख दिसू लागली, भाडेकरू आले. चार महिन्यांत रंगाला फुगे आले, मग पोपडे. आम्ही पुन्हा रंगवलं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची फरशी उकरली, तेव्हा खालचा सांधा झिरपताना सापडला. तीनदा पैसे गेले ते गेलेच, पण त्या भिंतीला लागून भाडेकरूंच्या मुलीचं कपाट होतं. तिची वह्या-पुस्तकं बुरशीने गेली. ती भिंत आम्ही रंगवून दिली होती, हे मला आजही डाचतं.

म्हणून तुमच्या त्या भिंतीबद्दल. 'ओल' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या दुखण्यांना वापरतो. पायाकडून वर चढणारी ओल साधारण कमरेच्या खाली राहते आणि तिच्यासोबत क्षार येतात, भिंतीवर पांढरी बुकटी दिसते. लोणा म्हणतात तो हाच. बाहेरून किंवा नळातून झिरपणारं पाणी डाग पाडतं आणि डागाची कड पाऊस किंवा पाण्याच्या वापरासोबत पुढे-मागे सरकते. तिसरं दुखणं म्हणजे घरातल्याच हवेतली वाफ थंड भिंतीवर साचते. काळी बुरशी कोपऱ्यात आणि कपाटामागे दिसते. ओळखायची एक साधी युक्ती आहे. भिंतीचा हातभर भाग पुसून कोरडा करा, त्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवस राहू द्या. पाणी खोलीच्या बाजूला, प्लास्टिकवर जमलं तर दोष वायुविजनाचा. खिडकी किंवा एक्झॉस्ट पंख्याने भागेल. प्लास्टिकच्या मागे ओल आली तर पाणी भिंतीतून येतंय, आणि ते कुठून येतंय हे शोधल्याशिवाय रंगाला हात लावण्यात अर्थ नाही. पाण्याचा मीटर असेल तर सगळे नळ बंद करून अर्धा तास त्याच्याकडे बघा. काटा हलला तर कुठेतरी गळतंय.

छताकडे मान वर करून नीट बघा. सळई दिसत असेल, तांबूस डाग असतील, किंवा काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर ते प्लास्टरचं काम नाही. लोखंड गंजलं की फुगतं आणि आतून काँक्रीट फोडत येतं. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या निघालेल्या रुंद भेगाही तशाच. इथे स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा, त्याची फी तुम्ही द्यायची, आणि तो विकणाऱ्याने किंवा एजंटने सुचवलेला नसावा. त्याचा अहवाल वाईट आला आणि घर सोडून द्यावं लागलं, तर ती फी वाया गेली असं समजू नका. ती फी तुमचे ३० वाचवते.

विजेचं काम लोक दिसत नाही म्हणून पुढे ढकलतात. एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा खटका, वायरला वाचवतो, माणसाला नाही. धक्का बसल्यावर प्रवाह तोडणारं यंत्र वेगळं, त्याला आरसीसीबी म्हणतात. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि नीट अर्थिंग, या दोन गोष्टी भाड्याच्या घरात मी ऐच्छिक मानत नाही. जुन्या घरात आणखी दोन धोके : खालच्या थरातला जुना रंग आणि सिमेंटचे जुने पत्रे. घरगुती रंगातल्या शिशावर अमेरिकेनेसुद्धा १९७८ साली बंदी आणली. म्हणून जुने किंवा वय माहीत नसलेले थर कोरडे घासून धूळ उडवू नका, लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार बाधतं. पत्र्यात अॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास फुप्फुसांना बाधणारे खनिज तंतू) असेल तर तो कापणं, त्यात भोकं पाडणं टाळा. जाणकाराकडून काढून घ्या.

काम करून घेताना तीन-चार गोष्टी सांभाळल्या तरी बरंच साधतं. कंत्राटदाराला पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्या आणि शेवटचा दहावा हिस्सा महिनाभर हातात ठेवा. न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवण्याआधी चोवीस तास पाणी साठवून ठेवा आणि खालून छत बघा. भिंती बुजवण्याआधी आतल्या नळांचे आणि वायरींचे फोटो काढा. पाच वर्षांनी कुणी खिळा ठोकायला येईल तेव्हा ते फोटो सोन्याच्या मोलाचे ठरतील. आणि जुन्या घरात अंदाजपत्रकाच्या वर पाचवा हिस्सा राखून ठेवा, कारण फरशी उकरल्यावरच खरं घर दिसतं.

कागदांबद्दल थोडक्यात, कारण नियम प्रत्येक ठिकाणचे वेगळे. मालकीची साखळी, घरावरचा बोजा, थकलेले कर, पूर्वी केलेल्या बांधकामाची परवानगी हे सगळं स्वतःच्या वकिलाकडून तपासा. टोकन द्यायचंच झालं, तर वकील किंवा इंजिनिअर यांचा अहवाल समाधानकारक नसेल तर पैसे परत, असं लेखी घ्या. विकणारा याला तयार नसेल तर तेही एक उत्तरच आहे. दहा दिवसांची घाई त्याची आहे, तुमची नाही.

आता त्या कुटुंबाकडे येते. 'विकणारा खाली करून देणार आहे' या वाक्यावर विसंबून व्यवहार करू नका. अनेक ठिकाणी चालू भाडेकरूचे हक्क घर विकलं म्हणून संपत नाहीत. ते नव्या मालकाच्या गळ्यात येतात, आणि त्यांची अनामत परत करायची जबाबदारीही. करार वाचा, मुदत बघा, अनामत कुणाकडे आहे ते विचारा. पण कायद्याच्या आधी एक साधा प्रश्न : ते गेलेच पाहिजेत असं आपण का धरून चाललोय? ते वेळेवर भाडं देत असतील, त्यांना राहायचं असेल, तर गळती आणि वीज नीट करून त्यांनाच ठेवण्याचा हिशेब मांडून बघा. भाडं एजंटने सांगितलेल्या ०.७ पेक्षा कमी येईल. पण तीन महिने रिकामं घर नाही, दलाली नाही, चौदा भाड्यांची सजावट नाही, आणि आज तिथे प्रत्यक्ष काय भाडं मिळतंय तो खरा आकडा तुमच्या हातात. एजंटचा ०.७ हा अजून कुणीही न दिलेला आकडा आहे. जाहिरातीतली भाडी मागितलेली असतात, मिळालेली नसतात. त्याच इमारतीतल्या चार भाडेकरूंशी बोला, आणि कुठली जाहिरात किती आठवडे तशीच पडून आहे ते बघा.

एक गणित मी प्रत्येक नव्या घरमालकाला करायला लावते. भाडं बाजारापेक्षा ५ टक्क्यांनी कमी ठेवलं, तर वर्षाला ०.६ भाडं कमी मिळतं. चांगला भाडेकरू त्या ५ टक्क्यांसाठी निघून गेला आणि घर एक महिना रिकामं राहिलं, तर पूर्ण एक भाडं जातं, वर रंग आणि दलाली. म्हणून नळ बिघडल्याचा फोन आला की दोन दिवसांत माणूस पाठवा. अनामत वेगळ्या खात्यात ठेवा. ते तुमचे पैसे नाहीत. घर देताना प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो दोघांकडे असू द्या, म्हणजे जाताना वाद होत नाही. न सांगता दार वाजवू नका. भाडेकरू निवडताना त्याची भाडं देण्याची ऐपत आणि आधीच्या घरमालकाचा अनुभव, एवढंच बघा. हे सगळं वेळ खाणारं आहे. तुम्ही 'झोपेतही येणारं उत्पन्न' असं लिहिलंय, पण रात्री अकराला पाइप फुटल्याचा फोन झोपेतच येतो. नोकरी सांभाळून महिन्याला किती तास तुम्ही याला देऊ शकता, ते कागदावर लिहा.

पर्याय काय आहेत? हेच घर, पण अहवालानंतर किंमत उतरवून आणि कर्ज कमी करून. किंमत पुरेशी उतरली नाही, तर याहून लहान घर, ज्याची निम्मी किंमत तुमच्या ३० मधून भरता येईल. लहान, साधी घरं पटकन भाड्याने जातात आणि त्यांच्यातली चूकही लहान असते. किंवा एक-दीड वर्ष थांबणं, बचत वाढवणं, आणि तोवर तुमच्या परिसरातली वीसेक घरं नुसती बघणं. वीस घरं बघितलेल्या माणसाला एकविसाव्या घराची खरी किंमत कळते. राहत्या घरात एखादी खोली स्वतंत्र दाराची असेल, तर ती भाड्याने देऊन बघणं हा सगळ्यात स्वस्त अभ्यास आहे. आणि केवळ मालमत्तेत पैसा हवा असेल, नळ-गळती नको असेल, तर रीटच्या (अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या मालमत्तांत घालणाऱ्या योजनेच्या) शेअर बाजारात नोंदलेल्या युनिट्सचा मार्ग आहे. तिथे भाव वरखाली होतात, पण गरज पडली तर थोडा भाग विकता येतो. घराची एक खोली विकता येत नाही.

काही लोक तुम्हाला सांगतील : घर घ्या, सुधारा, भाड्याने द्या, वाढलेल्या किमतीवर पुन्हा कर्ज काढा आणि दुसरं घ्या. या साखळीने खरंच मोठे झालेले लोक आहेत. पण ती साखळी एका गोष्टीवर टांगलेली असते : सुधारणेनंतर बँकेचा मूल्यांकनकार तुमच्या मनातली किंमत मान्य करेल. त्याने केली नाही, की सगळी पुंजी पहिल्याच घरात अडकते. तीन-चार घरांचं स्वप्न सोडा असं मी म्हणत नाही. पहिलं घर दोन वर्षं तुमच्या पगाराला हात न लावता चालवून दाखवा, मग दुसऱ्याचा विषय काढा.

माझं मत विचाराल, तर ८० कर्ज काढून, ०.७ भाड्याच्या भरवशावर, या दहा दिवसांत हे घर घेऊ नका. अहवाल, नवी किंमत आणि कमी कर्ज, या तिन्ही गोष्टी जमल्या तर जरूर घ्या.

शेवटी तुमच्या पतींबद्दल. 'भित्रेपणा' हा शब्द तुमचा आहे, त्यांचा नाही. सात घरं बदललेल्या मुलाने काय काय बघितलं असेल याचा विचार करा. सामान बांधताना आईचा चेहरा, मध्येच सोडलेली शाळा, अनामतीसाठी घातलेल्या फेऱ्या, 'पुढच्या महिन्यात खाली करा' हे वाक्य. त्यांना पैसे बुडायची भीती वाटते की त्या वाक्याच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायला नको वाटतं, हे मला माहीत नाही. तुम्हालाही नाही, कारण तुम्ही विचारलेलं नाही. 'का नको?' असं न विचारता 'त्या सात घरांपैकी कुठलं घर सोडताना सगळ्यात वाईट वाटलं?' असं विचारून बघा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नका. ऐकूनही त्यांचं 'नको' कायम राहिलं, तर दोघांच्या पैशांतून हे घर घेऊ नये. पण मला असं वाटतं की चांगला घरमालक कसा असतो, हे तुम्हा दोघांत त्यांनाच जास्त कळतं.

या आठवड्यात त्या घरी एकदा दोघं मिळून जा. एजंटशिवाय, आधी फोन करून, त्या कुटुंबाला सोयीच्या वेळी. पाऊस असेल तर फारच छान. दिवे आणि ओटा तुम्ही बघितलेत. या वेळी नळ तुमच्या पतींना उघडू द्या, खिडक्या त्यांना लावून बघू द्या. आणि निघताना तिथल्या माणसांना विचारा, पाऊस लागून राहिला की तुम्ही बादली कुठे ठेवता?